यंत्राला कंठ फुटतो

मोंतेव्हेर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा १६०७ साली मांतुआच्या दरबारात झाला. १९६९ मध्ये त्यातले तुकडे न्यूयॉर्कला वेंडी कार्लोस यांनी मूग सिंथेसायझरवर वाजवले. त्या यंत्रातून एका वेळी एकच स्वर निघे. त्यामुळे एक ओळ टेपवर घ्यायची, तिच्यावर दुसरी चढवायची, मग तिसरी. या चिकाटीतून ‘ऑर्फेओ’चा कोरससुद्धा उभा राहिला, पण शब्दांविना. वाद्यमेळ यंत्राला जमला, अडलं ते गळ्यापाशी.

दोनच वर्षांनी कुब्रिकच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’साठी कार्लोस यांनी रोसिनीच्या ‘विल्यम टेल’ची नांदी भन्नाट वेगात पळवली. त्याच चित्रपटात त्यांनी व्होकोडर आणला. हे यंत्र माणसाच्या उच्चारांची घडण सिंथेसायझरच्या नादावर चढवतं. त्यावर गायलं गेलं ते बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीतलं समूहगान. ते ऑपेरातलं नव्हे, पण कंठ फुटला तो तिथे.

गायक क्लाउस नोमी एके काळी पश्चिम बर्लिनच्या ऑपेरागृहात डोअरकीपर होता. खेळ संपला की सहकाऱ्यांना गाऊन दाखवायचा. १९८१ मध्ये त्याने पर्सेलच्या ‘किंग आर्थर’मधलं (१६९१) थंडीने कुडकुडणाऱ्या देवाचं गाणं सिंथेसायझरच्या साथीने गायलं. मुळात ते खर्जाच्या गळ्यासाठी लिहिलेलं. नोमीने ते तारसप्तकात नेलं. या सगळ्या कुळात मला हेच सर्वांत अस्सल वाटतं, कारण इथे तंत्र गाण्याच्या अंगावर बसत नाही.

१९८४ मध्ये सेक्स पिस्टल्सचा माजी मॅनेजर माल्कम मॅक्लॅरन याने पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ला ड्रम मशीनचा ठेका दिला. १९८९ मध्ये त्याने आणि संगीतकार यानीने दलीबच्या ‘लाक्मे’तलं युगुलगीत ब्रिटिश एअरवेजच्या जाहिरातीसाठी बेतलं. ते गोड आहे, पण पोकळ. ब्राह्मण पुजाऱ्याच्या मुलीची कथा सांगणारा हा ऑपेरा आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे तो लिपस्टिकच्या नावातून. टाटांनी १९५२ मध्ये प्रसाधनांसाठी ‘लॅक्मे’ हे नाव तिथूनच घेतलं.

‘द फिफ्थ एलिमेंट’ (१९९७) मध्ये निळ्या परग्रहवासी गायिकेसाठी आवाज दिला आल्बेनियन सोप्रानो इन्व्हा मुला हिने. आधी दोनिझेत्तीच्या ‘लुचिया’तला वेडाचा प्रसंग, मग एरिक सेराची स्वतःची नृत्यधून. त्या धुनेतल्या काही उड्या एका दमात घेणं अशक्य होतं. तिने ते स्वर सुटे गायले आणि ते यंत्रावर जोडले गेले. पुढे इतर सोप्रानोंनी तीच धून रंगमंचावर, जोडकामाशिवाय, गाऊन दाखवायला सुरुवात केली.