जाहिरात-परिणाममापन

जाहिरात मोहिमेवर झालेल्या खर्चाचे फलित मोजून त्याचा अहवाल जाहिरातदारास सादर करण्याची पद्धती. वस्तूची विक्री किंमत, पुरवठा, हंगाम, विक्रेत्यांचा कल, प्रतिस्पर्ध्यांच्या हालचाली अशा अनेक घटकांवर अवलंबून असते. त्यांतून एकट्या जाहिरातीचा वाटा वेगळा काढणे, ही या विषयातील मूळ अडचण होय. दौलताबादच्या किल्ल्यावर विकल्या गेलेल्या तिकिटांवरून किती प्रवासी आले, हे कळते. परंतु पर्यटनाची जाहिरात पाहून त्यांपैकी किती आले आणि वेरूळच्या वाटेवर सहज किती थांबले, हे कळत नाही.

अमेरिकेत प्रत्येक नियतकालिकातील कूपनावर वेगळी खूण छापून परत आलेली कूपने मोजण्याची पद्धत रूढ झाली. क्लॉड हॉपकिन्स याने १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग या ग्रंथात तिचा पुरस्कार केला. पुढे रसेल कॉली याने १९६१ मध्ये, मोहिमेचे उद्दिष्ट आधीच मोजता येईल अशा स्वरूपात व मुदतीसह ठरवावे, असे प्रतिपादन केले.

मुंबईत बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरातसंस्था १९०५ मध्ये स्थापन झाली. १९२९ मध्ये जे. वॉल्टर टॉम्प्सन ही अमेरिकन संस्था तेथे आली. मान्यताप्राप्त संस्थांना वृत्तपत्रांकडून जाहिरातीच्या दरावर साधारणतः १५ टक्के अडत मिळे. खर्च वाढला की अडत वाढे. मालाची विक्री वाढली की नाही, याच्याशी तिचा संबंध नसे. वृत्तपत्रेही आपापला खप स्वतःच सांगत. म्हणजे ज्यास मोबदला मिळावयाचा, तोच यशाचा साक्षीदार ठरे.

यावरील महत्त्वाचा उपाय म्हणजे १९४८ मध्ये स्थापन झालेली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था होय. प्रकाशक, जाहिरातदार व जाहिरातसंस्था या तिन्ही पक्षांना तीत स्थान असून नफा मिळविणे हा तिचा हेतू नाही. तिचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे. सनदी लेखापालांकडून तपासणी करवून ती दर सहामाहीस खपाचे प्रमाणपत्र देते. मात्र खप म्हणजे वाचकसंख्या नव्हे. एक अंक अनेक जण वाचतात. ही उणीव भरून काढण्यासाठी १९७० मध्ये पहिले राष्ट्रीय वाचक सर्वेक्षण झाले. त्यानंतर १९९५ पासून भारतीय वाचक सर्वेक्षण सुरू झाले.

दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची मोजणी निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांद्वारे होते. २०१५ पासून ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल ही संस्था असे आकडे प्रसिद्ध करू लागली. नमुना लहान असल्याने थोडी घरे फितवली, तरी निष्कर्ष बदलू शकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अशा आरोपांचा तपास हाती घेतल्यावर वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबविण्यात आले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

संगणकीय माध्यमांत जाहिरात किती वेळा दिसली व किती जणांनी ती उघडली, याची नोंद आपोआप होते. तथापि खोट्या नोंदी वगळणे आवश्यक असते आणि दिसणे म्हणजे पटणे नव्हे. म्हणून विश्वसनीय अहवालात मोहिमेपूर्वीची स्थिती, ठरविलेले उद्दिष्ट, नमुन्याचे आकारमान, संभाव्य चूक आणि जेथे जाहिरात केली नाही अशा तुलनीय भागातील विक्री यांचा निर्देश असावा लागतो. असा निर्देश नसलेला अहवाल जाहिरातदारास फलिताचा नव्हे, तर केवळ खर्चाचा हिशेब देतो.