धागा शाबूत, माग बंद

सुरत हे धाग्याचे शहर. तापीकाठच्या ह्या नगरीत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे यंत्रमागांवर राबत आली आहेत. वीज गेली की धागा शाबूत असूनही माग थांबतो, हे त्यांना सांगावयास नको. मेंदूच्या एका विकाराचे मर्मही नेमके हेच आहे.

इ. स. १८९८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा ह्यांनी पेशीतील काही सूक्ष्म घटकांना, धागा आणि कण ह्या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून, मायटोकाँड्रिया हे नाव दिले. मराठीत त्यांना तंतुकणिका म्हणतात. पेशीला लागणारी बहुतेक शक्ती तेथेच निर्माण होते. त्यांच्या बिघाडाने मनुष्य आजारी पडतो, हे १९६२ साली स्वीडनच्या रोल्फ लुफ्ट ह्यांनी एका स्त्रीच्या आजारावरून दाखविले.

पुढे १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या वैद्यांनी ‘मेलास’ ह्या विकाराचे वर्णन केले. ऐन तारुण्यात किंवा बालपणीच पक्षाघातासारखे झटके येतात, फेफरे येते, रक्तात लॅक्टिक आम्ल साचते. नवल असे की, मेंदूचा दुखावलेला भाग कोणत्याही एका धमनीच्या हद्दीत बसत नाही आणि मोठी धमनी तुंबलेलीही सहसा आढळत नाही. मग रक्तवाहिन्या निर्दोष समजाव्यात काय? १९८७ साली जपानी संशोधकांनी मेंदूवरील बारीक धमन्या तपासल्या, तेव्हा त्यांच्या भिंतींतील पेशींत विकृत तंतुकणिकांची दाटी दिसली. मेंदूच्या पेशींप्रमाणे रक्तवाहिनीची भिंतही शक्तीवाचून दुबळी झाली होती.

१९९० मध्ये मूळ सापडले. तंतुकणिकांच्या स्वतंत्र जनुकद्रव्यातील १६,५६९ अक्षरांपैकी ३२४३ व्या स्थानचे एकच अक्षर बहुसंख्य रुग्णांत बदललेले होते.

हे द्रव्य आईकडूनच मुलांस मिळते. येथेच घरोघरी अनर्थ ओढवण्याचा संभव असतो. कारण आपल्याकडे दोष सुनेच्या माथी मारण्यास निमित्त लागत नाही. परंतु हा वारसा कोणी निवडून घेत नाही. उलट, मातेच्या माहेरची हकीकत हीच निदानाची वाट आहे. आजी, मामा, मावशी ह्यांना बहिरेपणा किंवा मधुमेह आहे काय, हे वैद्यास अवश्य सांगावे. विकार अद्याप समूळ बरा होत नाही. तथापि निदान झाल्यास व्हॅल्प्रोएटसारखे फेफऱ्यावरील औषध, जे अशा रुग्णांस अपायकारक ठरू शकते, ते टाळता येते.

एका अक्षराच्या चुकीसाठी मातेला अपराधी ठरवू नये, एवढे तरी ह्या इतिहासातून आपण शिकावे.