यंत्र-अपघात, देखभालकामातील (खानदेश)

यंत्र पुसणे, वंगण घालणे, पट्टा चढवणे किंवा अडकलेला माल काढणे अशा कामांत फिरत्या भागांनी होणारी इजा. खानदेशात हा धोका कापसाच्या जिनिंगबरोबर आला. आज सावदा, फैजपूर, रावेर या केळीपट्ट्यात गोठ्यातल्या कडबाकुट्टीपाशीही (चारा तोडणाऱ्या यंत्रापाशीही) तो आहे.

जिनमध्ये चामड्याचे रोलर सुरीला घासून फिरतात आणि सरकीपासून रुई सुटते. कापूस दमट असला की रुई रोलरला गुंडाळते. यंत्र थांबवावे तर माल कमी निघतो, म्हणून हात तसाच आत जातो. जुन्या कारखान्यांत एका लाइन शाफ्टवर (सामाईक फिरत्या दांड्यावर) अनेक जिन चालत. एकाच जिनची दुरुस्ती असली तर शाफ्ट चालूच ठेवून त्या जिनचा पट्टा सुट्या कप्पीवर सरकवत. तो आपोआप परत घट्ट, म्हणजे जिनला फिरवणाऱ्या, कप्पीवर आला की जिन पुन्हा फिरू लागे. 1948 च्या कारखाना अधिनियमाने (कलम 24) पट्टा असा परतू न देणारी सोय सक्तीची केली. कलम 22 नुसार चालू यंत्राची तपासणी अपरिहार्य असेल तेव्हाच, प्रशिक्षित प्रौढ पुरुषाने आणि अंगाला घट्ट कपडे घालून करायची होती. सैल बाही किंवा उपरणे शाफ्टने ओढले की मागोमाग माणूस ओढला जातो.

कडबाकुट्टीची कथा वेगळी. वीज गेली की अडकलेला चारा हाताने उपसला जातो, आणि तेवढ्यात वीज परत येते. स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल अशा वेळी यंत्र बंदच ठेवते; पण रात्री-अपरात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून बसवलेला ‘ऑटो’ हे संरक्षण काढून घेतो. बटण बंद केल्यावरही जड चाक काही वेळ फिरतच राहते. म्हणून फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा, चाक पूर्ण थांबू द्यावे, मगच हात घालावा. अशा अपघाताला मजुराचा निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. थांबायला सवड देणे मालकाचे काम आहे.

जखमी कामगाराला बरे होईपर्यंत पगार द्यावा, ही मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी 1884 मध्येच केली होती. भरपाईचा कायदा 1923 मध्ये आला. त्यात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के घटली असे धरत. शेतात वीजयंत्रावर राबणारा मजूरही त्यात येई. दावा साधारणतः अपघातापासून 2 वर्षांत भरपाई आयुक्तांकडे करावा लागे.