मळीची कुळकथा

वसमतजवळच्या एका गुऱ्हाळावर मी हळदीसाठी गेलो होतो. हिंगोली जिल्ह्यात हळद शिजवण्याच्या जुन्या पद्धती टिपून ठेवायचा माझा नाद आहे, आणि गुळाच्या काहिलीतच हळद शिजवणारी घरं अजून सापडतात. पण त्या दिवशी काहिलीत उसाचा रस होता. गुळव्यानं भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी रसात सोडलं, थोड्या वेळानं वर दाट काळपट साय धरली, आणि ती झाऱ्यानं ओढून काढत तो म्हणाला, ‘‘ही मळी भाऊ. नाही काढली तर गूळ काळा पडतो.’’

मी अडखळलो. माझ्या कानातली मळी ही नव्हती. माझी मळी म्हणजे कारखान्यातून टँकरनं डिस्टिलरीला जाणारा काळा, घट्ट, गोडसर वासाचा पाक, इंग्रजीतला मोलॅसिस. ज्यापासून स्पिरिट होतं आणि हल्ली इथेनॉल होऊन पेट्रोलात जातं, ती. गुऱ्हाळाच्या मालकाला हे बोललो तर त्यांनी तिसरीच मळी काढली. म्हणाले, ‘‘कारखान्याची मळी तर मी दर साली शेतात टाकतो, ट्रॉलीनं.’’ ती म्हणजे प्रेसमड, रस गाळल्यावर उरणारा चिखलासारखा लगदा.

काहिलीवरची साय, शेतात पडणारा लगदा आणि टाकीत जाणारा पाक. तीन वेगळे पदार्थ आणि नाव एकच. देशभर आज बायोरिफायनरीची चर्चा आहे. पिकाचा एकही भाग वाया न घालवता त्यातून इंधन, वीज, वायू, खत, रसायनं काढायची, असा तो कारखाना. त्या सगळ्या चर्चेत हा मराठी शब्द रोज छापला जातो. तो आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

सगळ्यात सोपं उत्तर असं की ‘मळी’ हे ‘मोलॅसिस’चं मराठीकरण. कारखाना इंग्रजांच्या काळात आला, त्याबरोबर शब्द आला आणि मजुरांच्या तोंडी झिजून मळी झाला. ऐकायला पटतं. याहून चतुर मत असं की शब्द इंग्रजीतून नाही, थेट पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीजात या पाकाला ‘मेलासो’ म्हणतात, इंग्रजीतला मोलॅसिसही तिथूनच निघाला, आणि दोन्हींचं मूळ लॅटिन ‘मेल’, म्हणजे मध. मराठीनं पोर्तुगीजांकडून बटाटा, काजू, चावी घेतली, तर ही मळी का नाही?

मला हे दोन्ही पटत नाहीत, आणि माझा आक्षेप एका अक्षरावर आहे: ळ. पोर्तुगीजांनी दिलेल्या बालदीचा ल मराठीत ल-च राहिला. ‘गामेला’चं घमेलं झालं, तिथंही ल हलला नाही. बाटली इंग्रजीतून आली, ती ल घेऊनच. उलट जे शब्द संस्कृतातून प्राकृताच्या वाटेनं घरंगळत आले, त्यांत दोन स्वरांमधल्या ल-चा ळ झाला. फल-फळ, काल-काळ, जल-जळ. आणि मल-मळ. मळी हे या मळाचंच लेकरू आहे. गलबतातून उतरलेला शब्द इतका मराठमोळा ळ घेऊन येत नाही.

तिसरं एक मत अधूनमधून ऐकू येतं: मळणे, मळणी या क्रियेवरून मळी, म्हणजे तुडवून, चेंगरून उरलेलं. पण ऊस कुणी मळत नाही. ऊस गाळतात. कारखान्याचा हंगामसुद्धा गाळपाचा हंगाम असतो. शेतकऱ्याच्या भाषेत मळणी खळ्यावरची आणि गाळप चरकावरचं. या दोन्हींची गल्लत तो करत नाही.

तेव्हा मळ. पण मळ आणि ऊस यांचा संबंध किती जुना असावा? इथं मला जो पुरावा सापडला त्यानं मी अक्षरशः उठून उभा राहिलो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड, शर्करा अशी उसाच्या पदार्थांची उतरंड आहे; ती बहुतेकांना माहीत असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानाच्या अध्यायात, तीच उतरंड येते, पण तिथं पदार्थ मोजायची फूटपट्टीही दिली आहे. धुतलेल्या गुळाला चरक ‘स्वल्पमल’ म्हणतो, आणि पुढच्या पदार्थांची प्रत ठरवायला शब्द वापरतो ‘वैमल्य’. जसजसं वैमल्य वाढतं तसतसा पदार्थ अधिक शीत. सुश्रुतही जवळपास हेच सांगतो. वैमल्य म्हणजे मळ काढून टाकलेली स्थिती. इंग्रजीत ज्याला रिफाइन करणं म्हणतात, त्याला याहून नेमका शब्द मला माहीत नाही. साखरेच्या शुद्धीकरणाची परिभाषा मळाभोवती बांधली गेली ती तेव्हापासून, आणि वसमतच्या गुळव्याच्या झाऱ्यावर ती अजून जिवंत आहे.

इथं एक उलटा प्रवासही सांगायला हवा. बायोरिफायनरी हा शब्द तेलाच्या रिफायनरीवरून घेतला, असं सगळे लिहितात. पण तेलाच्या रिफायनऱ्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या. आपली डिगबोईची तर १९०१ची. युरोपात साखरेच्या रिफायनऱ्या त्याच्या खूप आधी धूर ओकत होत्या. अखंड ऊर्ध्वपातनाचा उंच स्तंभही आधी दारू गाळणाऱ्यांनी उभारला. एनियस कॉफीनं त्याचं पेटंट घेतलं १८३० साली, आणि ड्रेकनं पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर खोदली १८५९ साली. शब्द आणि भांडी, दोन्ही बाबतींत पेट्रोलियमनंच साखर आणि दारूकडून उसनवारी केली. उसापासून इंधन काढताना आपण तेलाची नक्कल करत नाही. तेलानं नेलेलं परत आणतो आहोत.

आता मूळ कोड्याकडे. काहिलीवरच्या सायीला मळी म्हणणं सरळ आहे. प्रेसमडलाही ते नाव शोभतं, कारण कारखान्यात भेंडीच्या जागी चुना आणि गंधकाचा वायू आला तरी काम तेच, रसातला मळ वेगळा काढायचा. शंभर किलो उसामागे असा तीन-चार किलो लगदा निघतो. पण मोलॅसिस? तो मळ नाही. साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरलेला, दाणा न धरणारा पाक आहे तो. त्याच्यावर मळीचं नाव का चिकटलं?

शेजाऱ्यांकडे बघा. हिंदीत याला शीरा म्हणतात, फारसीतून आलेला, पाक या अर्थाचा सभ्य शब्द. मराठीत शिऱ्याची जागा रव्यातुपाच्या शिऱ्यानं अडवली होती. कन्नडमध्ये कारखान्याच्या मोलॅसिसला सरळ काकंबी म्हणतात. काकंबी म्हणजे आपल्या काकवीची सख्खी बहीण! काकवी आपण कानडीकडून घेतली की कानडीनं आपल्याकडून, यावर भांडण होऊ शकतं. माझा कौल कानडीच्या बाजूनं आहे, कारण ‘काकंबी’मधला ‘म्ब’ जुना दिसतो आणि तो झिजून ‘व’ होणं सोपं, उलटं होणं अवघड. पण मुद्दा निराळा आहे. कानडी माणसानं काळ्या पाकाला खाण्याच्या पदार्थाचं नाव दिलं, पोर्तुगीजानं मधाचं, हिंदीवाल्यानं पाकाचं. या चौघांत त्याला मळ म्हणणारे आपण एकटे.

माझा अंदाज असा. मराठी माणसाची काकवी भाकरीबरोबर खायची. कारखान्याचा पाक खाण्याजोगा नव्हता, तेव्हा काकवी हे नाव त्याला देणं पटेना. शिवाय हा पाक आला तो कचरा म्हणूनच. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि पाचएक वर्षांत देशातले कारखाने तिसांवरून सव्वाशेच्या पुढे गेले. मोलॅसिसचे डोह साठले, त्याची विल्हेवाट ही डोकेदुखी झाली. गुऱ्हाळावरून कारखान्यात आलेल्या मजुरानं टाकून द्यायच्या काळ्या, चिकट वस्तूला आपल्याकडचं तयार नाव दिलं. गुऱ्हाळात टाकून द्यायची काळी, चिकट वस्तू एकच होती.

हिंगोलीपुरतं आणखी एक बोलतो. हा मुलूख १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि दप्तराची भाषा उर्दू. कागदावर इथं शीराच लिहिला जात असणार, बोलण्यात मळी. वसमतहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, बोधनला, १९३७ साली निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली आणि तिच्या मळीतून पॉवर अल्कोहोल निघू लागलं, पेट्रोलात मिसळण्यासाठी. युद्धाच्या टंचाईच्या काळात हिंगोलीच्या रस्त्यांवरून धावलेल्या मोटारींच्या टाकीत ते पडलं असणार, असं मी खुशाल धरून चालतो.

पुढची पायरी फार चमत्कारिक आहे. १९४८ साली भारताच्या कायदेमंडळानं पॉवर अल्कोहोलसाठी खास कायदा केला. तो बावन्न वर्षं पुस्तकात राहिला आणि २००० साली निकालात काढला गेला. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, मिरज आणि मनमाडला, तसंच उत्तर प्रदेशात बरेलीकडे, पेट्रोलात पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले! तिथून पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २०१४च्या सुमारास दीड टक्का, २०२२च्या जूनमध्ये दहा, २०२५ मध्ये वीस.

पण मळीच्या दृष्टीनं खरं वळण २०१८चं. त्या वर्षीच्या जैवइंधन धोरणानं बी-हेवी मळी आणि थेट रसापासूनच्या इथेनॉलला वाट दिली. साखर तीनदा काढून उरते ती सी-हेवी. तिच्या टनातून सव्वादोनशे-अडीचशे लिटर इथेनॉल मिळतं. दोनदा काढून थांबलं तर बी-हेवी, टनाला सुमारे तीनशे लिटर. म्हणजे बी-हेवीत साखर जाणूनबुजून ठेवलेली असते. जो पदार्थ मुद्दाम गोड राखला, त्याला आपण अजून मळ म्हणतो. आणि ७ डिसेंबर २०२३ला केंद्रानं साखर कमी पडेल म्हणून रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन घातलं, तेव्हा कारखान्यांचा सगळा हिशेब पुन्हा मळीभोवतीच फिरला.

उसाचा उरलेला भाग आता या रांगेत येतो आहे. शंभर किलो उसामागे अठ्ठावीस-तीस किलो बगॅस निघतो, गुऱ्हाळाच्या भाषेत चिपाड. गुऱ्हाळावर तेच चुलवाणात जातं, तोच ऊस आणि त्याचाच जाळ. दौंडजवळ राहूला २०१७ साली पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं अशा काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढणारी नमुन्याची बायोरिफायनरी सुरू केली. २०२२च्या ऑगस्टमध्ये पानिपतला इंडियन ऑइलची मोठी सुरू झाली, वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यातून तीन कोटी लिटरसाठी बांधलेली. प्रेसमडपासून गाडीच्या वायूचा मार्ग २०१८च्या सतत योजनेनं खुला केला. कारखान्याच्या दोन्ही मळ्या आणि चिपाड एकाच आवारात कामाला लावणं, हीच ऊसपट्ट्यातली बायोरिफायनरी.

माझ्या जिल्ह्यात वसमतला पूर्णा कारखाना आहे, कुरुंद्याला टोकाई. वसमतलाच हळदीचं संशोधन केंद्र मंजूर झालं आहे. हळदीचा पाला, शिजवल्यानंतरचं पिवळं पाणी, पॉलिश करताना उडणारी भुकटी, यांना इथं अजून ‘टाकायचं’ याच नावानं ओळखतात. ज्याला नाव कचऱ्याचं, त्याची किंमत उशिरा कळते; मळीला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. कृष्णाकाठी नदीनं आणून टाकलेल्या गाळाच्या जमिनीलाही मळी, मळईच म्हणतात, आणि तिच्याइतकं पीक दुसरी जमीन देत नाही. आपल्या शब्दाच्या पोटात हा दुसरा अर्थ आधीपासून आहे, आणि नवा पाक त्या अर्थानं मळी ठरतो.

गुऱ्हाळं झपाट्यानं कमी होत आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही. कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत या भागांत तुमच्या घरचं किंवा भावकीतलं गुऱ्हाळ असेल तर तिथल्या म्हाताऱ्या गुळव्याला एवढं विचारा: काहिलीवरच्या सायीला तुम्ही काय म्हणता, आणि ती काढून कुठं टाकता? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, गावाचं नाव घालून, लिहून ठेवा.