अंध गायक सगळ्यांना आठवतात; अंध श्रोता?

तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला, ग्रीस आणि बल्गेरियाच्या सीमेजवळ एदिर्ने नावाचं शहर आहे. इस्तंबूल जिंकण्याआधी उस्मानी सुलतानांची राजधानी इथे होती. या शहराबाहेर, तुंजा नदीच्या काठी, सुलतान दुसरा बायेझीद याने १४८८ साली एक मोठी वास्तू पूर्ण केली. मशीद, वैद्यकीचा मदरसा, गरिबांसाठी लंगर आणि दवाखाना, सगळं एकाच आवारात. खर्च वक्फच्या उत्पन्नातून. (आज वक्फ म्हटलं की आपल्याला जमिनींचे खटले आठवतात. त्याच पैशातून कधी काळी रुग्णांना औषध, अन्न आणि गाणं मिळत होतं, हे विसरायला होतं.)

हो, गाणंसुद्धा. १७व्या शतकात एव्लिया चेलेबी हा प्रवासी एदिर्नेला गेला. त्याने लिहून ठेवलंय की या दवाखान्यात गाणारे-वाजवणारे मिळून दहा जण नेमलेले होते. कुणी गायचे, कुणी ‘ने’ ही बासरी फुंकायचे, कुणी संतूर, कुणी ऊद वाजवायचे. आठवड्यातून तीनदा ते रुग्णांपुढे बसत. कोणता मकाम कोणत्या रुग्णाला मानवतो याचेही आडाखे होते. आपल्याकडे रागांचे प्रहर असतात, तसाच काहीसा हा हिशेब. एव्लियाला अतिशयोक्तीची सवय होती, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य तोलून घ्यावं लागतं. पण ती इमारत अजून उभी आहे. आज तिथे संग्रहालय आहे. मधोमध मोठा घुमट, त्याखाली कारंजं आणि भोवताली रुग्णांच्या खोल्या. घुमटाखाली कुणी वाजवलं की सूर आपोआप खोल्यांपर्यंत जावा, अशी ही रचना.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या दवाखान्यात रुग्णाकडून काहीच अपेक्षा नव्हती. त्याने गायचं नव्हतं, शिकायचं नव्हतं, कुणाला रिझवायचं नव्हतं. त्याने फक्त ऐकायचं होतं.

याच दवाखान्याच्या नोकरवर्गात नेत्रवैद्यही होते. त्यांना ‘कह्हाल’ म्हणत. ‘कुहल’ म्हणजे सुरमा, त्यावरून हा शब्द आला. डोळ्यांची वैद्यकी ही मुस्लिम जगातली जुनी आणि नावाजलेली विद्या. बगदादच्या अली इब्न ईसाचा नेत्ररोगांवरचा ग्रंथ कित्येक शतकं वैद्यांच्या हाती होता. साधारण हजार वर्षांपूर्वी कैरोत अम्मार अल-मौसिलीने पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची पद्धत लिहून ठेवली. पण हे ग्रंथ डोळ्याविषयी बोलतात. डोळा बरा झालाच नाही तर त्या माणसाचं पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा होता.

त्या माणसाला मग समाजाने एक काम नेमून दिलं. गा, वाजव, पठण कर. इजिप्तमध्ये अंध मुलाला कुरआन तोंडपाठ करायला बसवायचे, म्हणजे पुढे लोकांच्या घरी, मय्यतीत, रमजानमध्ये पठण करून त्याचं पोट भरेल. आपल्याकडेही विचार तोच. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्याने दुखावले, शाळेचा अभ्यास अवघड झाला, म्हणून त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला धाडलं. पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. म्हणजे या वाटेने थोर माणसंही घडली, अनेकांना मानाची भाकरी मिळाली. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण सगळेच पलुसकर नसतात. पन्नाशीत मधुमेहाने किंवा काचबिंदूने नजर गेलेल्या शिक्षकाला, ड्रायव्हरला, शिवणकाम करणाऱ्या बाईला आपण ‘आता गाणं शिका’ म्हणणार का? त्यांना पोटाइतकाच दिवस खायला उठतो. बोलणारं माणूस कामावर गेलं की घर रिकामं होतं, आणि दिवस कुठे संपला, रात्र कुठे सुरू झाली, याचा अंदाज सुटत जातो. मन खचतं ते इथे.

अंध माणसाच्या ऐकण्याविषयी इतकं खरं दुसरीकडे क्वचित सापडेल, असं एक पुस्तक आहे: ताहा हुसेन यांचं ‘अल-अय्याम’. जन्म १८८९, इजिप्तच्या एका खेड्यात. डोळे आले, गावच्या न्हाव्याने उपचार केला आणि तीनेक वर्षांच्या मुलाची नजर गेली. पुढे हाच मुलगा पॅरिसला शिकला आणि १९५० मध्ये देशाचा शिक्षणमंत्री झाला. ते सगळं सोडून पुस्तकाची सुरुवातीची पानं बघा. घरासमोर बोरूचं कुंपण आहे. संध्याकाळी मुलगा त्याला टेकून उभा राहतो. पलीकडे शायर अबू झैदच्या कथा गाऊन सांगतोय, भोवती गावकरी बसलेत. मुलगा त्यात बुडून जातो, आणि नेमकी तेव्हाच बहीण येऊन त्याला उचलून आत नेते. आई डोळ्यांत औषध घालते. ते झोंबतं, उपयोग शून्य. मग रात्र, पांघरुणाबाहेर डोकं काढायची भीती, जिन्नांच्या कल्पना आणि अंधारातले आवाज.

घरच्यांचं प्रेम कमी होतं असं नाही. पण त्यांना मुलाचे डोळे दिसत होते, कान दिसत नव्हते. त्याला जे सुख मिळत होतं त्यातून उठवून ते त्याला न लागू पडणाऱ्या औषधाकडे नेत होते. आजही किती घरांत हे असंच चालतं!

याच्या उलट वागलेला एक बाप अनातोलियात होता. सिवास प्रांतातल्या सिवरिआलान गावात १८९४ साली जन्मलेला वेयसेल सात वर्षांचा असताना देवी आल्या आणि एक डोळा गेला. दुसरा पुढे अपघातात गेला. शेतकरी बापाने त्याचं मन रमावं म्हणून त्याला साज आणून दिला. साज म्हणजे लांब दांडीचं तंतुवाद्य. बाप त्याला जुन्या लोककवींची कवनं ऐकवायचा. पहिलं महायुद्ध सुरू झालं, भाऊ आणि बरोबरीची पोरं आघाडीवर गेली आणि विशीतला वेयसेल गावात एकटा उरला. त्या एकटेपणात सोबतीला होता तो साज आणि ऐकून पाठ झालेली दुसऱ्यांची कवनं. स्वतःची रचना घेऊन तो लोकांपुढे आला तो चाळिशीच्या सुमारास, १९३३ मध्ये. १९७३ मध्ये वारला तेव्हा ‘आशिक वेयसेल’ हे नाव तुर्कस्तानात घराघरांत होतं. लोक त्याला मोठा कवी म्हणून ओळखतात. मला त्याआधीची ती वर्षं जास्त बोलकी वाटतात, कारण त्या काळात तो मुख्यतः ऐकणारा होता आणि त्या ऐकण्यानेच त्याला धरून ठेवलं.

मग रेडिओ आला. श्रोता होण्यासाठी कुंपणापर्यंत जायचीही गरज उरली नाही. १९२६ साली ब्रिटिश संसदेने एक छोटासा कायदा केला: अंध व्यक्तीला रेडिओचं परवाना शुल्क माफ. त्यासाठी झटलेले खासदार इयान फ्रेझर स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत, ऐन तारुण्यात आंधळे झाले होते. रक्कम किरकोळ होती. पण अंध माणसाला ऐकण्याची गरज असते, हे सरकारी कागदावर आलं.

कैरोत सरकारी रेडिओ ३१ मे १९३४ रोजी सुरू झाला आणि पहिला आवाज घुमला तो शेख मुहम्मद रिफअत यांच्या कुरआन पठणाचा. तेही लहानपणापासून अंध. रेडिओवरून पठण करणं जायज आहे का, हे त्यांनी आधी अल-अजहरच्या उलेमांना विचारून घेतलं होतं. पठण आणि संगीत एक नव्हे, हे मला ठाऊक आहे, कुणी घाईने टिपणी लिहू नये! मुद्दा एवढाच की त्या पेटीमुळे घरात बसलेल्या दृष्टिहीन माणसाच्या दिवसाला पुन्हा सकाळ आणि संध्याकाळ मिळाली. आणि महिन्यालाही. पहिला गुरुवार म्हणजे उम्म कुलसूमची मैफल.

आता आपल्या घरांतला प्रश्न. नजर गेल्यावर रेडिओ किंवा फोनला बिलगलेल्या म्हाताऱ्या माणसाला ‘आता तस्बीह ओढायची वेळ, गाणी कसली ऐकता’ असं सुनावणारं कुणी ना कुणी भेटतंच. उलेमांमध्ये संगीताबद्दल मतभेद आहेत आणि ते एका लेखाने मिटणार नाहीत. पण इमाम गजालींनी ‘इह्या’मध्ये या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिलंय. काही वाद्यांना त्यांचा विरोध आहे, तरी निवाडा करताना शब्द कोणते, ऐकणारा कोण, त्याच्या मनाची अवस्था काय, हे ते बघतात. आणि सूफींचा शब्दच पाहा: ‘समा’. त्याचा अर्थ गाणं नाही, ऐकणं. आपल्या खुलदाबादला विसावलेले बुरहानुद्दीन गरीब समाचे केवढे भोक्ते होते! त्या परंपरेत मैफलीचं नाव ठरलं ते ऐकणाऱ्याच्या बाजूने.

माझे एक दूरचे चाचा मधुमेहाने दृष्टी गमावून बसले आहेत. मुलांनी महागडे हेडफोन आणून दिले, ते त्यांनी दोन दिवसांत बाजूला ठेवले. कान झाकले की दारात कोण आलं, पाणी भरून वाहतंय का, काहीच कळत नाही, म्हणाले. त्यांना हवा होता बोटांना कळतील अशा बटणांचा साधा रेडिओ, आणि स्टेशन त्यांचं त्यांना बदलता आलं पाहिजे. कव्वाली, नात, कधी नाट्यगीत. काय ऐकायचं हे तेच ठरवतात. दिवसातली तेवढीच एक गोष्ट त्यांच्या हातात आहे.

इजिप्तमध्ये अम्मार अल-शरीई (१९४८–२०१२) नावाचे एक संगीतकार होते, जन्मांध. चित्रपटांना आणि मालिकांना त्यांनी भरपूर संगीत दिलं. पण रेडिओवर त्यांचा एक वेगळाच कार्यक्रम असे. एखादं जुनं गाणं घ्यायचं, ते उलगडायचं, आणि डोळस श्रोत्यांना सांगायचं की इथे थांबा, या वळणावर काय झालं ते ऐका. कार्यक्रमाचं नाव होतं ‘सुरांच्या समुद्रातला पाणबुड्या’.