माजघरातली रेंज : प्रस्तावना

वायफायची रेंज कशी वाढवावी यावर वाचायला पुष्कळ मिळते, पण त्यातले बरेचसे अमेरिकेतल्या घरांवर बेतलेले असते. तिथल्या आतल्या भिंती म्हणजे बहुधा लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे पातळ तक्ते. लहरी त्यातून फारशी झीज न होता निघून जातात. महाड-पोलादपूरकडे हा हिशेब चालत नाही. जून १९९३ मध्ये कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा सुरू झाला. त्या वीरच्या परिसरातले एखादे घर डोळ्यांपुढे आणा. मूळ बांधकाम जांभ्या चिऱ्याचे, मागे विटांची वाढवलेली खोली, पुढे स्लॅब आणि स्लॅबवर पावसाळ्यासाठी पत्र्याची शेड. राउटर ओटीवर, कारण केबलवाल्याने वायर तिथवरच आणली. माजघरात रेंज कशीबशी, मागच्या पडवीत मुळीच नाही. असे घर हीच या पुस्तकाची प्रयोगशाळा आहे.

विषयाला भिण्याचे कारण नाही. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. पुढे अवघड ठरले ते भिंती ओलांडणे नव्हे, तर खोलीतले प्रतिध्वनी निस्तरणे. तोच संदेश फरशीवरून, छतावरून, लोखंडी कपाटावरून आपटून मागेपुढे पोचतो आणि स्वतःलाच पुसून टाकतो. त्यावरची एक महत्त्वाची तोड ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेत १९९० च्या दशकात निघाली. ती काढणाऱ्यांतले जॉन ओ'सुलिव्हन मूळचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, आकाशातले क्षीण संकेत शोधण्यात मुरलेले.

खगोलशास्त्राचा धागा आपल्याकडेही आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, भरीव पत्र्याच्या नाहीत. त्या तारेच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, लहर मात्र परतते, कारण जाळीची भोके तिच्या लांबीच्या मानाने फार लहान आहेत. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची पाच-सहा. तेव्हा खिडकीला डासांसाठी लावलेली धातूची बारीक जाळी ही वायफायच्या दृष्टीने भिंतच. नायलॉनची लावली तर काही बिघडत नाही.

जांभ्याचे दुखणे वेगळे. तो सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो, आणि पाणी लहरी शोषते. त्यातही ५ गिगाहर्ट्झ अशा भिंतीपुढे लवकर हात टेकते. वेगाचा मोह सोडून २.४ वर यावे लागते.

लोक आधी विचारतात ते जास्त ताकदीच्या राउटरबद्दल. माझ्या मते हा खर्च बहुधा वाया जातो. हे दळणवळण दुहेरी आहे : राउटरचा संदेश फोनला मिळाला तरी फोनचे दुबळे उत्तर चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडून परत जायला हवे. काड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही, त्याचे एक कारण हे. त्यापेक्षा राउटर ओटीवरून उचलून घराच्या मध्यावर, उंच आणि पत्र्यापासून दूर ठेवा. उभ्या अँटेनाभोवतीचे क्षेत्र मेदूवड्यासारखे असते, आडवे पसरलेले आणि वरखाली कमी. म्हणून माळ्यावर रेंज हवी असेल तर एक अँटेना आडवी करून पाहावी. रिपीटर जिथे रेंज संपते तिथे नव्हे, तर जिथे अजून चांगली आहे तिथे लावतात. एकाच पट्ट्यावर घेणे आणि देणे दोन्ही करणारा साधा रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो, हे धरूनच. मागच्या पडवीपर्यंत लॅनची केबल ओढून दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून बसवणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. एवढे लांब घर विरळाच.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी वहीत घराचा नकाशा काढा आणि फोनमधल्या अ‍ॅपवर दिसणारा डीबीएमचा आकडा खोलीखोलीत लिहा. उणे ६० च्या जागी उणे ७० आले तर संकेत दहापट क्षीण झाला असे समजा. ही मोजणी मे महिन्यात एकदा करा आणि आषाढात, भिंती भिजल्यावर, पुन्हा.