अपंगांच्या हाताला काम : सरकारी मदतीची वाटचाल

आपल्या स्मरणिकेत पाककृती, ओव्या, प्रवासवर्णने येतात आणि आपण सगळ्याजणी ती आवडीने वाचतो. यंदा मी जरा निराळा विषय घेतला आहे. प्रत्येकीच्या आळीत, नात्यागोत्यात, एखादे तरी माणूस असे असते की ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, किंवा ज्याचे पाय साथ देत नाहीत. त्याच्या पोटापाण्याचे पुढे काय, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, पण "माझ्यामागे याचे कसे होणार?" हा घोर आईच्या जिवाला लागलेलाच असतो. अशा माणसांच्या हाताला काम मिळावे म्हणून आपल्या सरकारने पैसा केव्हापासून खर्चायला घेतला, तो कोणाच्या हाती दिला आणि शेवटी तो कोठे अडला, याची हकीकत वाचनालयात बसून आणि माहितगारांना विचारून मी जमवली आहे. आता सरकारी कागदांत 'दिव्यांग' म्हणतात. जुन्या काळाबद्दल लिहिताना मी 'अपंग' हाच त्या वेळचा शब्द ठेवला आहे.

पूर्वी अशा माणसाला दोनच जागा होत्या, घराचा कोपरा नाहीतर देवळाची पायरी. दानधर्म पुष्कळ होई, पण दान घेणाऱ्याचे हात रिकामेच राहत. मुंबईत १९०० साली ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी अंध मुलांची शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा झाली. शिक्षणाचे दार असे उघडले. मिळकतीचे दार उघडायला मात्र आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली.

सरकारला खरी जाग आली ती दुसऱ्या महायुद्धात. लढाईत डोळे गमावून परतलेल्या आपल्या जवानांसाठी १९४३ साली डेहराडून येथे सेंट डन्स्टन नावाचे वसतिगृह निघाले. ते काम पाहणारे सर क्लूथा मॅकेन्झी हे गृहस्थ मूळचे न्यूझीलंडचे, आणि पहिल्या महायुद्धात ते स्वतः अंध झालेले होते. हिंदुस्थानातील अंधत्वाबद्दल त्यांचा अहवाल १९४४ साली निघाला. पुढे स्वराज्य आले आणि १९५० साली भारत सरकारने त्याच ठिकाणी प्रौढ अंधांसाठी शिक्षणकेंद्र सुरू केले. तेथे विणकाम, खुर्चीला वेत विणणे असे धंदे शिकवू लागले. १९५१ साली तेथेच ब्रेल लिपीचा छापखाना निघाला. डोळे नसलेल्या माणसालाही कसब शिकवता येते आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा देणे हा उपकार नव्हे, हे तेव्हा प्रथम मान्य झाले.

यानंतरच्या काळात सरकारचा पैसा संस्थांच्या हाती जाऊ लागला. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख. स्त्रिया, मुले आणि अपंग यांच्यासाठी झटणाऱ्या संस्थांना हे मंडळ अनुदान देई. गावोगावच्या कितीतरी महिला मंडळांचे शिवणवर्ग आणि बालवाड्या या पैशावर उभ्या राहिल्या. म्हणजे महिला मंडळाची शिवणयंत्रे आणि अपंगांच्या कार्यशाळा यांना एकाच घागरीतले पाणी मिळत होते, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईत अशा संस्था झपाट्याने उभ्या राहिल्या. १९५२ साली राष्ट्रीय अंध संघाची, म्हणजे 'नॅब'ची स्थापना झाली. फातिमा इस्माईल या बाईंची हकीकत तर प्रत्येक आईने वाचावी अशी आहे. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारासाठी त्यांनी जिवाचे रान केले आणि मग इतरांच्या मुलांसाठी १९४७ साली मुंबईत उपचारकेंद्र उघडले. मुले वाढतात, नुसत्या औषधाने त्यांचे पोट भरत नाही, हे ओळखून त्यांनी मोठ्या अपंगांना काम देणारी संस्थाही उभारली. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण संस्थेत किती माणसे मावणार? बाहेरच्या जगात, कचेरीत आणि कारखान्यात जागा मिळायला हवी होती. त्यासाठी १९५९ साली मुंबईत अपंगांसाठी देशातले पहिले खास सेवायोजन कार्यालय, म्हणजे आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो ते, सुरू झाले. १९६८ साली मुंबईत आणि हैदराबादेत व्यवसाय पुनर्वसन केंद्रे निघाली. कोणाला काय जमेल याची तेथे पारख करीत आणि त्याप्रमाणे शिकवून कामाला लावीत. मग १९७७ साली केंद्र सरकारने कारकून, शिपाई अशा तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या. अंधांना १, बहिऱ्यांना १ आणि हातापायाने अधू असलेल्यांना १ टक्का, अशी ती वाटणी होती.

येथे मला माझ्या आत्याची आठवण होते. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हते. १९७७ साली ती ऐन विशीत होती. तिच्यासारखी काजे-बटणे गावात कोणी करीत नसे, एकदा पाहिलेला नमुना ती पुन्हा पाहावा लागू न देता भरीत असे. पण "हिला काय करायचे शिकून?" म्हणून तिला शाळेतच घातले नव्हते. शाळा नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून सेवायोजन कार्यालयात नाव नाही. बहिऱ्यांसाठी राखलेला तो १ टक्का तिच्या घरावरून निघून गेला आणि तिला कळलेही नाही. साऱ्या घरादाराचे शिवून ती आयुष्यभर "बिचारी" म्हणूनच राहिली.

नोकरीला अशा अडचणी, म्हणून सरकारने स्वतंत्र धंद्यालाही हात दिला. आपल्या पिढीला चौकाचौकातले पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ आठवतात ना? ते वाटताना अपंगांना अग्रक्रम होता. कुबड्या बाजूला टेकवून गल्ल्यावर बसलेला माणूस आपण त्या काळात कितीदा पाहिला. घरात बसून राहिलेला मनुष्य चौकात आला, लोक त्याला नावाने हाक मारू लागले, त्याचे लग्न जमले, मुले शाळेत गेली. पुढे प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला आणि ती खोकी एकामागून एक बंद पडली. एकाच धंद्याच्या आधाराने माणसाला उभे केले तर धंद्याबरोबर माणूसही बसतो, हा धडा त्यातून मिळाला. १९९७ साली अपंगांसाठी राष्ट्रीय वित्त व विकास महामंडळ निघाले. दुकान, पिठाची गिरणी, शिलाई असा कोणताही धंदा निवडून त्यासाठी थोड्या व्याजाने कर्ज मिळू लागले. स्त्रियांना त्या व्याजातही १ टक्क्याची सूट ठेवली.

मधल्या काळात कायदाही झाला. १९९५ च्या कायद्याने ३ टक्के राखीव जागा हा हक्क ठरला. पण कचेऱ्यांनी त्यातही पळवाट काढली. अपंगांना जमण्याजोग्या म्हणून ज्या जागा ठरवल्या होत्या, तेवढ्यांवरच त्या ३ टक्के मोजू लागल्या. अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि २०१३ साली निकाल लागला की मोजणी एकूण जागांवरच झाली पाहिजे. २०१६ च्या नव्या कायद्याने हे प्रमाण ४ टक्के केले आणि पूर्वी सात प्रकारची अपंगत्वे मानत, ती एकवीस केली. गरिबी हटवण्याच्या योजनांत ५ टक्के वाटा राखला आणि त्यातही अपंग स्त्रियांना अग्रक्रम दिला.

खासगी मालकांनाही सरकारने गोडी लावून पाहिली. १ एप्रिल २००८ पासून योजना निघाली की, दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगाराचा अपंग कामगार ठेवला, तर त्याच्या भविष्यनिर्वाह निधीतला आणि विमा योजनेतला मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षे सरकार भरील. योजना चांगली, परंतु भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सामान्यतः वीस किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी लागतो. आपल्याकडची बहुतेक माणसे किराणा दुकानात, छोट्या शेडमध्ये, घरकामात रोजी कमावतात. तेथे निधीच कापला जात नाही, मग सरकार भरणार कशाचा हिस्सा?

आता मुख्य गोष्ट सांगते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यांतल्या शंभर पुरुषांपैकी ४७ काही ना काही काम करीत होते. शंभर स्त्रियांपैकी मात्र फक्त २३. कायदा दोघांना एकच, अनुदान एकच, अपंगत्वही तेच. मग निम्म्याहून अधिक फरक का पडला? सरकारचा पैसा आधी डेहराडूनला होता, मग संस्थेत आला, मग कचेरीत, मग चौकातल्या खोक्यापर्यंत आला. दर पिढीला तो घराच्या जवळ येत गेला. पण मुलीच्या बाबतीत तो उंबऱ्यापाशी येऊन थांबला, कारण आतून कोणी कडीच काढली नाही. मुलासाठी बाप दहा खेटे घालून दाखला आणतो. मुलीला मात्र "ती घरीच बरी" म्हणतात. हे म्हणणारे सरकार नव्हे, भगिनींनो, ते आपणच.

ही कडी काढणे मंडळाच्या हातचे आहे. सरकारी रुग्णालयातून निदान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र आणि त्यावरून मिळणारे ओळखपत्र, या दोन कागदांवर बहुतेक योजना उघडतात. आपल्या राज्यात ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनीही स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत, आणि डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातेच आहे. तेव्हा या वर्षी मंडळाने एक वही घालावी. आपापल्या आळीतल्या अशा मुलींची व बायकांची नावे तीत लिहावीत, प्रत्येकीकडे कोणते कागद आहेत आणि कोणते नाहीत ते टिपावे, आणि रुग्णालयात किंवा कचेरीत जाताना दोघींनी तिच्यासोबत जावे. शिवणवर्गात एक यंत्र तिच्यासाठी ठेवावे आणि तिने शिवलेल्या प्रत्येक नगाचे पैसे तिच्याच हातावर द्यावेत.

दानाची सवय आपल्याला आहेच. हक्काचे चार पैसे तिच्या पदरात पडतील आणि त्यातून आईसाठी ती एखादी साडी आणील, तर त्या आईचा घोर थोडा तरी हलका होईल.